अर्ज पेंडिंग असताना आईबापानं नुसतं भेटायलाही जाऊ नये का?

आर्वीची लेक
काल इथं एकानं लिहिलं: "अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा (तिकडं कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज पडून असला की टूरिस्ट व्हिसा मिळतच नाही. फॉर्मात 'अर्ज केलेला नाही' असं ठोकून द्या, कोण पाहते!" रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते. यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, दुसरं घर बुडवणारं आहे.

टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्मात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन (ग्रीन कार्डासाठी नातेवाइकानं भरलेला अर्ज) भरली आहे का. तिथं खोटं सापडलं तर कायमची बंदी लागू शकते. मग ज्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली ते ग्रीन कार्डही गेलं.

माझ्या मामानं आईसाठी २०११ मध्ये भावंडांच्या एफ-४ या वर्गात पिटिशन भरली. नंबर अजून यायचाच आहे. २०१८ मध्ये मामाची बायपास झाली, तेव्हा आईनं टूरिस्ट व्हिसा मागितला. मुंबईला मुलाखत मराठीतच झाली. "भावानं तुमच्यासाठी अर्ज केला आहे?" "हो जी, केला. त्याचा नंबर येईल तेव्हा येईल. आता त्याले पाहून येतो, महिन्याभरात तूर काढाची आहे." दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. विमानतळावर सहा महिन्यांची मुदत दिली होती, आई पाच आठवड्यांत परत आली.

वरुडचा संत्रेवाला
ताई, तुमच्या आईचं नशीब. आम्हीबी 'हो' लिवलं होतं. पोरगा तिकडचा सिटिझन, आमच्या दोघायची पिटिशन भरलेली. खिडकीवर तीन सवाल अन् २१४-बीची चिठ्ठी हाती, म्हणजे 'तुम्ही परत याल याची खात्री नाही' म्हणून नकार. माणशी १८५ डॉलर गेले. विदर्भ एक्स्प्रेसनं जा, एक दिवस बोटाचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत, दादरच्या लॉजचं भाडं वेगळं. इकडं आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू, व्यापारी बगीच्यात उभा. मी तं म्हणतो, मोठा व्हिसा, ग्रीन कार्डाचा, येऊ द्या, तवाच जा.

पुसदचा मास्तर
सातबारा नेला होता का? परत येण्याचं कारण दाखवावं लागतं.

वरुडचा संत्रेवाला
सातबारा, आठ-अ, फेरफार, बँकेचं पासबुक, सारं नेलं. तलाठ्याकडं चार चकरा मारल्या. त्या पोरीनं फाइल उघडलीबी नाही. बायको फाइल काचेपाशी धरून उभीच होती.

दारव्ह्याचा कास्तकार
उघडून काय दिसणार होतं? बगीचा तुमचा, पण पोरगा तिकडं, जावई पुण्याले. म्हातारपणी पाणी कोण देणार? गावात अर्धे वावरं मक्त्यानं हायेत. मालक न्यू जर्सीत बसून व्हिडिओ कॉलवर कापूस पाहते. अशा सातबाऱ्यावर त्या ऑफिसरनं काऊन भरोसा ठेवावा?

वरुडचा संत्रेवाला
तोंड सांभाळून बोला. माया बगीचा मक्त्यानं नाही. पहाटे चारले लाइन येते तवा मोटर मीच चालू करतो, वय ६४. पोराले शिकवलं हा गुन्हा केला काय?

दारव्ह्याचा कास्तकार
गुन्हा नाही. पण माया शेजारी गेला तवा त्याचा पोरगा तिकडंच होता. पाणी मी पाजलं. म्हणून जीव तुटते.

आर्वीची लेक
दादा, ते दुःख खरं आहे, पण धाग्याचा प्रश्न दुसरा आहे. संत्रेवाले काका, तुमचं एक मानावं लागेल. एफ-४ ची रांग पंधरा वर्षांच्या वर, सिटिझनच्या आईबापाला रांगच नाही. त्यामुळे तुम्ही तिकडंच राहाल हा संशय जास्त, आईचं उदाहरण तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. पण २१४-बी म्हणजे बंदी नव्हे. परत अर्ज करता येतो, आणि त्या नकारानं ग्रीन कार्डाची फाइल बिघडत नाही.

अकोटची सून
आमच्या नात्यात तिसराच सल्ला चालला: टूरिस्टवर जा, तिथूनच ग्रीन कार्ड भरा. मनात तोच बेत ठेवून खिडकीवर 'फिरायला चाललो' सांगणं हेही खोटंच. सासूबाईंनी तसं केलं. अर्ज भरल्यावर तिसऱ्या महिन्यात इकडं त्यांचे भाऊ वारले. बाहेर जाण्याची परवानगी, अ‍ॅडव्हान्स पॅरोल, हाती नव्हती. निघाल्या असत्या तर अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं असतं. मोक्षधामातून मी मोबाइल धरला, त्या तिकडं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून पाहत होत्या. रडण्याचा आवाज नेटवर्कमध्ये तुटत होता.

पुसदचा मास्तर
कॅनडाचं यापेक्षा बरं. स्थायिक व्हायचा अर्ज असूनही तात्पुरतं येता येतं, असं त्यांच्या कायद्यातच आहे. सुपर व्हिसा म्हणून आईवडिलांसाठी वेगळा व्हिसा आहे, त्यावर ते एका वेळी पाच वर्षं राहू शकतात, त्यासाठी बोलावणाऱ्या मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो.

वरुडचा संत्रेवाला
मास्तर, पोरगा डलासले हाये, कॅनडाले जाऊन कोणाले भेटू?
ताई, फॉर्मात खोटं लिवू नये, हे तुमचं बरोबर. बाकी मले पटलं नाही. पण नातीचं जावळ फेब्रुवारीत हाये अन् बायकोनं झबलं शिवून ठेवलं. तोड झाली की अजून एक डाव भरतो. 'हो'च लिवीन.