पोरांना घरी ख्रिस्ती विश्वासात कसं वाढवता? आपापले अनुभव लिहा

छावणीवाली:
काल संध्याकाळी लाइट गेली, इन्व्हर्टर पण बसलेला, पोरं कंटाळून अंगावर लोळतायत आणि धाकटा म्हणतो आई आज प्रार्थना अंधारातच करू. एकदम इथलं, इंदूरच्या स्नेहलतागंजचं आमचं जुनं घर आठवलं. रात्री आठ वाजले की आजोबा नुसतं "चला रे" म्हणायचे, सगळे सतरंजीवर, पाहुणे असले तर पाहुण्यांसकट. एक गीत (बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच), एक अध्याय, मग प्रत्येकाने निदान एका वाक्याची प्रार्थना, त्यानंतरच ताटं. भुकेपोटी आमच्या प्रार्थना फार लवकर संपायच्या 😄 आता माझ्याकडे यांची शिफ्ट, मोठीचं कोचिंग, आठवड्यातून दोनदा सगळे एकत्र बसले तरी खूप. चर्चमध्ये सगळं हिंदीत, शाळेत इंग्लिश, मराठीत प्रार्थना होते ती फक्त घरी. तुमच्याकडे कसं चालतं? खरं खरं लिहा हं.

तीन पोरांची आई:
ताई आठचा नाद मी कधीच सोडला. झोपायच्या आधी अंथरुणातच करतो. मधल्याची प्रार्थना काय, तर उद्या गणिताच्या मॅडम येऊ नयेत. मी अडवत नाही. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा हे बरं. फक्त नंतर मॅडमसाठी पण एक वाक्य बोलायला लावते. कुकर झाला, येते.

संडेस्कूलवाले काका:
पाठांतर सांगितलं की दर रविवारी निम्मी मुलं योहान ११:३५ घेऊन येतात. "येशू रडला", दोन शब्दांचं वचन ना ते! मी पण लहानपणी हेच केलंय म्हणून रागावता येत नाही. जुन्या करारातली ३९ आणि नव्यातली २७ पुस्तकं मात्र चालीवर म्हणून घेतो, ती जन्मभर विसरत नाहीत. घरी आईबाप बायबल उघडत नसतील तर आमच्या तासाभराने काय होणार, हे पण लिहूनच टाकतो.

राजवाडा साइड:
भिया माझा वेगळाच घोळ आहे. दरवर्षी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक हो) लेंटमध्येच, ईस्टरआधीच्या ४० उपासाच्या दिवसांतच कशी येते? पोरगा म्हणतो सगळी कॉलनी जाणार, आजी म्हणते उपासाच्या दिवसांत गुलाल नको. मधे मी.

संडेस्कूलवाले काका:
येणारच. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. होळी बहुतेक वर्षी त्याच्या आधीच्या पौर्णिमेला. म्हणजे त्या वर्षी रंगपंचमी ४० दिवसांत सापडतेच. आमच्याकडे पोरं गेर बघून येतात, लेंटभर चॉकलेट आणि गेम बंद, वाचलेले पैसे ईस्टरच्या दानपेटीत. आजींना विचारून घ्या पण.

राजवाडा साइड:
गेम बंद?? 😂 गेरपेक्षा मोठी लढाई होईल घरात

सूनबाई:
आमचं घर मिक्स. सासरी दहा दिवस गणपती, मुलगी मोदक खाते, आरतीला आजीजवळ उभी असते. पण रविवारी तिला उठवून, वेणी घालून चर्चसाठी तयार कोण करतं, तर सासूबाईच, आणि परत आली की आज काय शिकवलं ते पण विचारतात. माझ्या माहेरच्यांनाच जास्त टेन्शन असतं की ही पुढे कोण होणार. आठ वर्षांची आहे हो ती.

वसईकर (सध्या विजयनगर):
आमच्यात मे आणि ऑक्टोबरमध्ये रोज रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ. पन्नास वेळा नमो मारिया म्हणताना माझी दोघं पेंगतात. इकडे बदली झाल्यावर शेजारी कोणी कॅथलिक नाही, मग वसईला आईला व्हिडिओ कॉल लावतो, ती तिकडून म्हणते, आम्ही इकडून. नेट अडकलं की एक दशक (दहा नमो मारिया) जास्तीचं होतं.

आता नाव नको:
मला सगळं सक्तीने झालं. गुड फ्रायडेला १२ ते ३, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, हललो की चिमटा. कॉलेजपासून जाणं सुटलं, अजूनही फारसं नाही. पण आई गुडघे दुखत असताना पलंगाशी गुडघ्यावर बसायची, पोरांची नावं घेत, ते मी पाहिलंय. आता मुलगा विचारतो पप्पा तुम्ही का नाही येत. काय सांगू.

तीन पोरांची आई:
दादा जे आहे तेच सांगा त्याला. आणि आईचं पण सांगा.

छावणीवाली:
🙏 दादा. एक विचारायचं होतं, आजोबांची गीतं पोरांना शिकवायचीत पण माझ्या पुस्तकात नुसते शब्द आहेत, चाली येतात का कुणाला?

संडेस्कूलवाले काका:
मला येतात थोड्या. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी लिहिलं अभंग-ओवीतच, म्हणून पोरांच्या तोंडी पटकन बसतं. इंग्लिश चालीत मराठी शब्द फार ताणावे लागतात. रात्री रेकॉर्ड करून पाठवतो, आवाज बसलाय, चालवून घ्या.

राजवाडा साइड:
काका मला पण पाठवा. आणि रविवारी सर्व्हिसनंतर पोहे कुणाकडे? मागच्या वेळी सेव संपली होती.

सूनबाई:
सेव मी आणते, पोह्यांवरचा जिरावन मसाला तुम्ही आणा.