मदत हवी आहे : मित्रमैत्रिणींच्या खाजगी बोलीची नोंद कशी करावी?

नमस्कार. पंचवटी आणि जुने नाशिक या भागांत वाढलेल्या मित्रमैत्रिणींच्या गटांत तयार झालेल्या खाजगी बोलींची नोंद करण्याचे काम मी हौसेने हाती घेतले आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

‘च’ची भाषा नोंदवणे सोपे आहे, कारण तिला नियम आहे: शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा, म्हणजे ‘तुला काय हवं’ याचे ‘चलातु चयका चवंह’ होते. खरी अडचण नियम नसलेल्या बोलीची आहे. एका गटात ‘रविवार कारंजा’ (हे खरे तर नाशिकमधील एका चौकाचे नाव) म्हणजे ‘हा विषय आता थांबवा’. कोणे एके काळी तिथे बस चुकल्यावर झालेल्या भांडणावरून हा अर्थ आला, असे दोघी सांगतात, तर तिसरी ते साफ नाकारते. (माझा कल तिसरीकडे आहे, कारण पहिल्या दोघींची गोष्ट फारच रंगतदार आहे.)

अशा वेळी व्युत्पत्तीच्या सर्व कथा नोंदवाव्यात की केवळ वापराचे प्रसंग? आवाजाचा चढउतार किंवा नुसती भुवई उंचावणे, ज्याला आपल्याकडे नेत्रपल्लवी म्हणतात, ते लेखी कसे दाखवावे? बाहेरच्या व्यक्तीसमोर ही माणसे तशी बोलतच नाहीत, त्यामुळे ध्वनिमुद्रण त्यांनीच करावे असे मला वाटते. कोणाचा याबाबत अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे. ‘च’ऐवजी दुसरे अक्षर वापरणारे नाशिककर असतील, तर त्यांनी एखादे वाक्य उदाहरणादाखल अवश्य द्यावे.