रात्रपाळीत ऑक्सिजनचा हिशोब कसा ठेवायचा? (३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय)

रात्रपाळी_३०: पुढच्या साथीसाठी कॅज्युअल्टीची लेखी पद्धत ठरवतोय. ऑक्सिजनची सेंट्रल पाइपलाइन नाही, जंबो (डी टाइप, मोठे) सिलिंडर आणि थोडे बी टाइप (छोटे). ८ पेशंट ऑक्सिजनवर: ३ एनआरबीएमवर (पिशवीवाला मास्क) मिनिटाला १५ लिटरने, ५ नेझल प्राँग्जवर (नाकात लावायची नळी) ४ लिटरने. रात्री दोनच सिस्टर. किती जंबो लागतील आणि कुठे फसतं, सांगाल का?

इन्चार्ज_ब्रदर: सिस्टर, गेजवरचा दाबाचा आकडा (किलो) गुणिले ४७, भागिले फ्लो (मिनिटाला लिटर), की मिनिटं आली. बी टाइपला ४७ च्या जागी १०. पूर्ण १५० ला जंबोत साधारण ७००० लिटर असतात, म्हणजे १५ च्या फ्लोवर पावणेआठ तास. पण सिलिंडर कमी भरूनही येतो, त्यामुळे लावल्या लावल्या गेज वाचा. १२० वर आला आणि २० वर बदलायचा ठरवला, तर हातात सव्वापाच तासच.

तुमचा एकूण फ्लो ४५ अधिक २०, म्हणजे मिनिटाला ६५ लिटर. २४ तासांना १३ ते १४ जंबो, तेही सगळे पूर्ण भरलेले धरून. बदलायची वेळ खडूने सिलिंडरवरच लिहा. रजिस्टर टेबलावर राहतं आणि रात्री तीनला तिकडे कोण बघतं?

ओ२_वाली ताई: हिशोब बरोबर, पण खरी बचत फ्लोमध्ये आहे. कोविडमध्ये सॅच्युरेशनचं (रक्तातल्या ऑक्सिजनचं) लक्ष्य ९२ ते ९६ टक्के होतं, सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटला ८८ ते ९२. तरी ९९ दिसलं की सगळे खूश, आणि नॉब तिथेच. सॅच्युरेशन ९६ च्या वर टिकलं तर १-२ लिटर कमी करा, १०-१५ मिनिटांनी परत बघा. एनआरबीएम मात्र १० च्या खाली नाही. पिशवीकडे बघा: श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो अपुरा आहे. १० वरही भागत असेल तर प्राँग्ज लावून बघायची वेळ झाली. तिघांनाही १० पुरले तर दिवसाला तीनेक जंबो वाचतात. नंदुरबारला २०२१ मध्ये याच कामासाठी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर सॅच्युरेशन मोजणारा प्रोब फसवतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. ९३ दिसतंय पण श्वास ३४ आहे, तर एमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) लगेच उठवा.

आणि संडास! मास्क काढून चालत गेलेला पेशंट तिथेच कोसळू शकतो. बेडपॅन द्या, नाहीतर बी टाइप सोबत पाठवा. जेवताना मास्कऐवजी प्राँग्ज.

बायोमेड_काका: फसतं ते जोडणीत. व्हॉल्व्ह बंद करून फ्लोमीटर रिकामा केला नाही, तर काटा दाब दाखवतच राहतो. पुढच्या पाळीला वाटतं सिलिंडर चालू आहे. नॉब उघडला की क्षणभर फ्लो, मग शून्य. म्हणून ताबा घेताना व्हॉल्व्ह स्वतः हाताने फिरवून बघायचा.

बी टाइपच्या योकमध्ये (रेग्युलेटर सिलिंडरवर बसवायची चौकट) एकच वॉशर. गळतंय म्हणून दुसरा घातला की पिना नीट बसत नाहीत आणि गळती वाढते. रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही नाही, आग लागते. सॅनिटायझरचे हातही वाळू द्या. व्हॉल्व्ह सावकाश उघडा. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलं तर फ्लोमीटरचा गोळा १० वर आणि पेशंटला जेमतेम काही. नळी चिमटून बघा: बाटलीची शिट्टी वाजली तर जोडणी ठीक.

रात्रपाळी_३०: काका, प्राँग्जच्या पाचही जणांना कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) चालेल का?

बायोमेड_काका: ५ लिटरचा असेल तर ४ वर चालेल. फ्लो रेटिंगच्या वर ओढला की शुद्धता पडते. मागचा फिल्टर धुवून पूर्ण वाळवून लावा, मशीन भिंतीपासून हातभर दूर. आणि लाइट गेली की हे पाचही एकदम बंद, तेवढ्यासाठी एक भरलेला जंबो फ्लोमीटर लावून जवळच उभा ठेवा, साखळीने बांधून.

रात्रपाळी_३०: चालेल. सिलिंडर उघडायची चावी पण त्याच साखळीला अडकवते, ऐन वेळी तीच सापडत नाही.