मदत हवी आहे: सहावी ते आठवीचा सरकारी खर्च, भारत आणि व्हिएतनाम तुलना

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. शिक्षणशास्त्रात एम.ए. करतेय, त्याच्या लघुप्रबंधासाठी हा विषय घेतलाय. व्हिएतनाम अशासाठी, की २०१२ साली तो देश पहिल्यांदा पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरला आणि तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी कितीतरी श्रीमंत देशांना मागे टाकलं. त्याच्या आधीच्या फेरीत आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले होते, दोन्ही यादीच्या तळाशी गेले. ते वाचल्यापासून चैन नाही.

पहिली अडचण इयत्तांची. युनेस्कोच्या वर्गवारीत निम्न माध्यमिक म्हणजे भारतात सहावी ते आठवी, व्हिएतनाममध्ये सहावी ते नववी. आपण माध्यमिक म्हणतो ते नववी-दहावीला. माझ्या पहिल्या तक्त्यात तेच आकडे भरले गेले होते, मार्गदर्शकांनी अख्खा तक्ता खोडला.

खरी अडचण पुढे आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात शिक्षणाच्या २२०२ या लेखाशीर्षाखाली (म्हणजे खर्चाच्या खात्याखाली) ०१ प्राथमिक आणि ०२ माध्यमिक. सहावी ते आठवी असं वेगळं कुठेच नाही. आमची आठवी ०१ मध्ये मोडते, गावातल्याच अनुदानित हायस्कूलची आठवी ०२ मध्ये. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा तर २२२५ खाली. एकाच वयाची मुलं, तीन ठिकाणी विखुरलेली.

शाळेत जे हाती येतं ते मला पावतीनिशी ठाऊक आहे. पट शंभरच्या आत म्हणून संयुक्त शाळा अनुदान २५,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. गणवेशाच्या दोन जोडांना मुलामागे ६०० रुपये. पण हे सगळं मिळूनही पगारापुढे किरकोळ आहे. आणि पगार इयत्तांवर वाटायचा कसा? आमचे मुख्याध्यापक सकाळी पाचवीला भाषा शिकवतात, दुपारी आठवीला इतिहास. पटाच्या प्रमाणात वाटला तर वरच्या वर्गांचा खर्च कमी दिसतो, कारण शिक्षण हक्क कायद्याने तिथे विषयवार किमान तीन शिक्षक लागतात, पट कितीही असो.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, पगार शिक्षकांच्या तासिकांवर वाटा, पटावर नको. वेळापत्रक तर तुमच्या हातातच आहे. दहा-बारा शाळांची वेळापत्रकं जमवलीत तरी एक प्रमाण हाती येईल.

केंद्राचा आणि राज्याचा खर्च सरळ बेरजेत घेऊ नका. समग्र शिक्षा या केंद्र-राज्यांच्या संयुक्त शालेय योजनेतला केंद्राचा ६० टक्के वाटा राज्याच्या खर्चातही दिसतो, तो दोनदा मोजला जाईल. आकडे अर्थसंकल्पीय अंदाजाचे न घेता प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यातले घ्या, मग वर्ष दोन वर्षं मागचं आलं तरी चालेल. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, व्हिएतनामचं जानेवारी ते डिसेंबर, तेवढी तळटीप द्या.

तुलना डॉलरमध्ये नको. विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च दरडोई जीडीपीच्या किती टक्के, हे बघा. आणि भाजक, म्हणजे खर्चाला ज्या विद्यार्थिसंख्येने भागतात ती, तपासा! युनेस्कोच्या मोजणीत भाजकात खासगी शाळांतली मुलंही धरतात. आपल्याकडे विनाअनुदानित शाळांत लाखो मुलं आहेत, त्यामुळे आपला आकडा खाली येतो. व्हिएतनाममध्ये या वयाची जवळपास सगळी मुलं सरकारी शाळेत. तरी तिथे या वर्गांना पालक फी भरत होते, ती २०२५-२६ पासून माफ झाली. आपल्याकडे सरकारी शाळांत आठवीपर्यंत २०१० पासून कायद्यानेच मोफत. त्यामुळे पालकांच्या खिशातल्या खर्चाला एक वेगळा रकाना ठेवा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. भाजकाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता दोन्ही प्रकारे काढते, एकदा सगळी मुलं धरून आणि एकदा फक्त सरकारी व अनुदानित शाळांतली. वेळापत्रकं केंद्रप्रमुखांच्या मदतीने सोमवारपासून गोळा करायला घेते. आश्रमशाळांची इयत्तावार पटसंख्या कुठून मिळवावी, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा. ती मुलं हिशोबातून सुटायला नकोत.