फियाटचे अमेरिकेतील पुनरागमन का फसले: गाडी, डीलर की मुळातला व्यवहार?

पाचपाखाडीकर (ठाणे) :

नमस्कार. आमच्या घरी ग्रँड पुंटो अनेक वर्षे होती, त्यामुळे फियाटविषयी काहीही छापून आले की मी ते वाचून काढतो. सध्या या कंपनीच्या अमेरिकेतील दुसऱ्या डावाविषयी वाचत आहे आणि एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडत नाही, म्हणून येथे विचारतो.

फियाटने 1983 मध्ये अमेरिकेतून काढता पाय घेतला. 1970 च्या दशकात, विशेषतः 1973 च्या तेलसंकटानंतर, तिच्या छोट्या गाड्यांना तिथे बरी मागणी होती. पण पत्रा गंजण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की प्रकरण संघीय वाहन-सुरक्षा यंत्रणेपर्यंत गेले. ‘टोनी, पुन्हा दुरुस्त कर’ अशा अर्थाची कोटी (Fix It Again, Tony) कंपनीच्या FIAT या नावातील चार इंग्रजी अक्षरांवरून तिथे रूढ झाली, ती याच काळात. त्यानंतर सुमारे 28 वर्षांनी, 2011 मध्ये, 500 ही साडेतीन मीटरची गाडी घेऊन कंपनी परतली. उत्तर अमेरिकेसाठी वर्षाला 50,000 गाड्यांचे लक्ष्य सांगितले गेले होते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी अमेरिकेत 20,000 सुद्धा विकल्या गेल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी मात्र आकडा जवळजवळ 44,000 पर्यंत गेला, म्हणजे गाडी लोकांना मुळीच आवडली नाही असे म्हणता येत नाही. असे असूनही पेट्रोलवर चालणारी 500 ही 2019 च्या मॉडेलनंतर तिथे बंद झाली.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की अमेरिकन माणसाला छोटी गाडी नकोच असते. राम मारुती रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्या ठाणेकराला ते पटणे अवघड आहे, ही गोष्ट वेगळी. पण ते वस्तुस्थितीलाही धरून वाटत नाही. बीएमडब्ल्यूने मिनी ही गाडी 2002 मध्ये तिथे पुन्हा आणली आणि ती आजही विकली जाते. मग फियाटच्या बाबतीत नेमके काय चुकले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तुर्भेकर (नवी मुंबई) :

पाचपाखाडीकर, प्रश्न चांगला आहे. मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यात इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बराच काळ काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी इंजिनाकडे जाते, आणि या प्रकरणात उत्तरही तिथूनच सुरू होते असे मला वाटते.

हे पुनरागमन ग्राहकांच्या मागणीतून झालेले नव्हते. एका दिवाळखोरीच्या तडजोडीतून ते घडले. क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीने 30 एप्रिल 2009 रोजी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 10 जून रोजी नवी कंपनी उभी राहिली, तेव्हा फियाटला तिच्यात 20 टक्के हिस्सा मिळाला. त्यासाठी तिने रोख रक्कम दिली नाही. छोट्या गाड्यांचे तंत्रज्ञान आणि परदेशातील विक्रीचे जाळे हाच तिचा मोबदला होता. पुढील 15 टक्के हिस्सा पाच-पाच टक्क्यांच्या तीन टप्प्यांत मिळणार होता आणि प्रत्येक टप्प्याला एक अट होती. फियाटचे कमी इंधन पिणारे इंजिन अमेरिकेत बनवणे ही पहिली, उत्तर अमेरिकेबाहेरील क्रायस्लरची विक्री वाढवणे ही दुसरी, आणि एका गॅलनमध्ये 40 मैल जाणारी गाडी अमेरिकेतच जुळवणे ही तिसरी.

आता 500 या चित्रात कुठे बसते ते पाहा. ती मेक्सिकोतील टोलुका येथे जुळवली जात होती, म्हणून तिसऱ्या अटीला तिचा उपयोग नव्हता. त्यासाठी पुढे फियाटच्याच अल्फा रोमिओ या ब्रँडच्या आराखड्यावर बेतलेली क्रायस्लरची डॉज डार्ट इलिनॉयमधील बेल्विडिअर येथे काढली गेली. परंतु पहिल्या अटीचे 1.4 लिटरचे मल्टिएअर इंजिन मिशिगनमधील डंडी येथे बनू लागले, तेव्हा ते बसवायला गाडी हवी होती, आणि ती गाडी म्हणजे 500. त्या अटीपोटी जानेवारी 2011 मध्ये फियाटचा हिस्सा 25 टक्क्यांवर गेला; अमेरिकेतील ग्राहकांच्या हाती 500 त्यानंतर पडू लागली. जानेवारी 2012 मध्ये तिसरी अटही पुरी झाली, आणि जानेवारी 2014 मध्ये फियाटने उरलेला हिस्साही विकत घेतला.

याचा अर्थ 500 वर कंपनीने मेहनत घेतली नाही, असा मात्र मुळीच नाही. 2007 च्या युरोपीय गाडीचा सांगाडा अमेरिकेतील टक्कर-चाचण्यांसाठी मजबूत केला गेला, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला गेला, सस्पेन्शन तिथल्या रस्त्यांसाठी बदलले गेले, आसने नवी केली गेली आणि इंधनाची टाकी मोठी केली गेली. सुरुवातीची किंमत 15,500 डॉलर होती. प्रामाणिकपणे केलेले काम आहे ते. मात्र व्यवहारातील कामगिरी पार पडल्यावर तिच्या पाठीशी उभे राहण्याची निकड कंपनीला उरली नाही, आणि पैसा क्रायस्लरच्या जीप आणि रॅम या मोठ्या गाड्यांच्या ब्रँडकडे वळला. 2016 च्या आरंभी फियाट-क्रायस्लरचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी डॉज डार्टही बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा अटींसाठी काढलेल्या छोट्या गाड्यांना त्या घरात काय स्थान होते ते उघड झाले.

कळवेकर :

तुर्भेकरांचा व्यवहाराचा तपशील बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला फार दूरचा वाटतो. ग्राहक कोणत्या कंपनीने किती टक्के हिस्सा घेतला हे पाहून गाडी घेत नाही. तो पंपावरचा दर पाहतो. 2008 च्या उन्हाळ्यात तिथे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले होते, 2011 मध्येही ते चारच्या आसपास होते. 2014 च्या उत्तरार्धात कच्चे तेल कोसळले आणि 2016 च्या सुरुवातीला दर दोन डॉलरच्याही खाली आला. त्या काळात तिथला बहुतेक प्रत्येक छोट्या गाडीचा कारखाना अडचणीत होता. यात फियाटचा वेगळा असा दोष शोधायची आवश्यकता नाही.

घोडबंदरकर (ठाणे) :

मी नोकरीनिमित्त त्याच काळात डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहत होतो. कळवेकर, पेट्रोल स्वस्त झाल्याने विक्री घटली हे खरे. परंतु पहिल्या वर्षीचे अपयश त्याने स्पष्ट होत नाही, कारण 2011 मध्ये पेट्रोल महागच होते. ते वर्ष डीलरांच्या व्यवस्थेमुळे वाया गेले.

क्रायस्लरने दिवाळखोरीत आपले 789 डीलर एका फटक्यात कमी केले होते. जे उरले त्यांच्यापैकी निवडक शंभरएक जणांना फियाटची विक्री देण्यात आली, आणि त्यांना अट घातली गेली की फियाटसाठी स्वतंत्र दालन उभारावे, ज्याला कंपनी ‘स्टुडिओ’ म्हणत असे. नुकत्याच मंदीतून वाचलेल्या व्यापाऱ्याने लाखो डॉलर घालून इमारत बांधायची, माणसे नेमायची, आणि आत विकायला गाडी एकच! गाड्या येऊन पडाव्यात आणि दालने अपुरी असावीत, असेही पहिल्या महिन्यांत घडले. त्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला तो बहुतांशी अल्फा रोमिओच्या आशेवर, कारण पाठोपाठ तीही मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. अल्फा प्रत्यक्षात आली 2014 च्या अखेरीस, तीही 4C ही मोजक्या संख्येची दोन आसनी गाडी घेऊन. पुढे कंपनीनेच स्वतंत्र दालनाची अट सैल केली, पण तोवर अनेकांचा उत्साह ओसरला होता.

जेनिफर लोपेझ यांची ती जाहिरातही आठवते. गाडीपेक्षा गायिकेचीच चर्चा अधिक झाली.

पाचपाखाडीकर (ठाणे) :

सर्वांचे आभार. घोडबंदरकर, आपला मुद्दा वाचताना आपल्याकडचा इतिहास आठवला, आणि त्यामुळेच मला एक शंका आहे.

भारतात फियाटने नेमका उलट क्रम धरला होता. 2007 मध्ये टाटांशी संयुक्त प्रकल्प झाला, रांजणगावच्या कारखान्यात लिनिआ आणि ग्रँड पुंटो बनू लागल्या आणि त्यांची विक्री टाटांच्याच शोरूममधून होत असे, जिथे शेजारी इंडिका व्हिस्टा उभी असे आणि तिच्यातही फियाटचेच 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन असे. तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होते, आणि देशभर त्याचे कौतुक मारुतीच्या खात्यावर जमा झाले, हा भाग तर निराळाच. 2012 मध्ये फियाटने स्वतंत्र डीलर नेमायचे ठरवले. तरीही 2019 च्या सुमारास येथील गाड्या बंद झाल्या. म्हणजे अमेरिकेत आधी वेगळे दालन आणि नंतर एकत्र, भारतात आधी एकत्र आणि नंतर वेगळे, आणि शेवट दोन्हीकडे सारखाच. तेव्हा डीलरांची रचना हे मूळ कारण मानावे काय? दोन्हीकडे समान असलेली गोष्ट मला एकच दिसते: पहिल्या गाडीनंतर दमदार अशी दुसरी गाडी आलीच नाही.

तुर्भेकर (नवी मुंबई) :

हे निरीक्षण मला मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या मजकुराशी ते जुळतेही. अमेरिकेत दुसरी गाडी आली नाही असे नाही. तीन आल्या, पण त्यांना एका सूत्रात ओवणारे धोरण नव्हते. 500L ही सर्बियातील क्रागुयेवाच येथून आली, आणि मूळच्या 500 ची मोहकता तिच्यात नव्हती. 500X इटलीतील मेल्फी येथून आली, जिथे तिच्याच आराखड्यावरची जीप रेनेगेडही बनत असे. त्याच पैशांत जीपचे नाव मिळत असताना अमेरिकन ग्राहक फियाटकडे का वळेल? 124 स्पायडर तर जपानमध्ये हिरोशिमाला माझ्दाच्या कारखान्यात तयार होत असे. ती चालवायला उत्तम होती असे सर्वच परीक्षक सांगतात, परंतु दोन आसनांच्या उघड्या गाडीवर डीलरचे घर चालत नाही. त्यात 2015 मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकन पाहणी-संस्थेच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्ता-पाहणीत फियाटचे नाव सर्वांत तळाशी आले, आणि टोनीची जुनी कोटी नव्या पिढीलाही ठाऊक झाली.

मिनीशी तुलना आपण सुरुवातीला केली होती. बीएमडब्ल्यूने मिनी ही आरंभापासून महाग, हौसेची गाडी म्हणून विकली, त्यामुळे प्रत्येक गाडीमागे डीलरला काही सुटत होते. शिवाय दर काही वर्षांनी नवी आवृत्ती मिळत गेली. टोलुकाची 500 मात्र मूळ 2007 च्या आराखड्यावरच शेवटपर्यंत चालली.

नेरूळकर :

विजेवरच्या 500 चा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहिते. पहिली 500e 2013 मध्ये आली, ती कॅलिफोर्नियाच्या शून्य-उत्सर्जनाच्या नियमामुळे (कंपन्यांनी धूर न सोडणाऱ्या काही गाड्या विकाव्यातच, असा तो नियम). बाकीच्या देशात ती जवळजवळ विकलीच गेली नाही. प्रत्येक गाडीमागे आपल्याला 14,000 डॉलर तोटा होतो, तेव्हा लोकांनी ती घेऊ नये, असे मार्किओने 2014 मध्ये जाहीरपणे म्हणाले होते. तुर्भेकरांचे म्हणणे याने अधिकच पक्के होते: पेट्रोलची गाडी एका अटीपोटी आणि विजेची दुसऱ्या नियमापोटी.

आताची 500e ही वेगळी, तूरिनमधील मिराफिओरी येथे बनणारी गाडी आहे आणि ती 2024 मध्ये अमेरिकेत आली. यामागे मात्र कोणाची सक्ती दिसत नाही, म्हणून फियाटचे खरे पुनरागमन मी याला म्हणेन. पण हिशेब पाहा. 42 किलोवॅट-तासांची बॅटरी, एका चार्जिंगमध्ये 149 मैल, आणि 2024 मध्ये किंमत 32,500 डॉलरपासून. त्याच सुमाराच्या किमतीत शेव्हरोलेची इक्विनॉक्स ईव्ही 319 मैल जाते आणि तीत पाच माणसे सामानासह बसतात. वाशी ते ठाणे रोज ये-जा करणाऱ्याला 149 मैल अनेक दिवस पुरतील. अमेरिकेत मात्र ही गाडी बहुधा घरातील दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणूनच घेतली जाईल, आणि त्या जागेसाठी एवढी रक्कम मोजणारी माणसे कमीच असतात.