डीह्युमिडिफायर अखंड चालू, तरी बेसमेंटमध्ये आर्द्रता ७५ टक्के

ओली_भिंत
घर न्यू जर्सीत, एडिसनजवळ. बेसमेंट साधारण ९०० चौ. फूट, काँक्रीटच्या भिंती, छत सात फूट. जून लागला की कुबट वास सुरू होतो. ह्युमिडिटी मीटर ७२ ते ७८ दाखवतो, तापमान ६८ फॅ. च्या आसपास. जुना ३० पाइंटचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) आहे, म्हणजे दिवसाला ३० पाइंट पाणी ओढणारा; पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर. सेटिंग ५० वर आहे, पण मशीन थांबतच नाही. बादली बारा तासांत भरते. हवा खेळती राहावी म्हणून दिवसा दोन्ही खिडक्या उघड्या असतात. सम्पचा खड्डा (फरशीखालचं पाणी जमायचा) कोरडा. तांदळाची पोती, पुठ्ठ्याची खोकी आणि तबला खालीच आहेत. मोठं मशीन घ्यावं का?

दवबिंदू
मशीनचं नंतर बघू, आधी खिडक्या लावा. हिवाळा असता तर उघड्या ठेवणं ठीक होतं, उन्हाळ्यात उलटं होतं. बाहेर ८० फॅ. आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, ६७ च्या जवळपास येतो. तीच हवा तुमच्या ६८ अंशांच्या बेसमेंटमध्ये शिरून गार झाली की आर्द्रता थेट शंभराच्या घरात. भिंतीचा तळ आणि फरशी तर आणखी गार, तिथे पाणीच सुटतं. तुमचं मशीन सध्या अख्ख्या एडिसनची हवा सुकवतंय. कपड्यांच्या ड्रायरचा पाइपही पाहून घ्या: मागून निसटला असेल तर सगळी वाफ आतच राहते.

मीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दिसलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करा.

पन्हळ
त्याच रात्री भिंतीचीही परीक्षा होऊन जाऊ द्या. दीड फूट लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारी बाजूंनी घट्ट टेपने चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतली वाफ. ते काम मशीनचं. मागची, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी काँक्रीटमधून येतंय, आणि त्यावर कितीही पाइंटचं मशीन लावलं तरी ते पाण्याचा मूळ रस्ता बंद करत नाही. एका ठिकाणी करून भागत नाही. चारही भिंतींवर, तळापासून फूटभर वर लावा.

पाइंटवाला
मशीनचं गणित. अमेरिकेत २०१९ पासून पोर्टेबल मशीनची क्षमता ६५ फॅ. च्या खोलीत मोजतात, आधी ८० ला मोजत. गार हवेत पाणी कमी निघतं, म्हणून जुनं ७० पाइंटचं मशीन नव्या मोजणीत साधारण ५० चं ठरतं आणि तुमचं ३० चं जेमतेम २० चं. ९०० चौ. फुटांच्या दमट जागेला नव्या मोजणीचं ५० पाइंटचं, म्हणजे दिवसाला २३-२४ लिटर ओढणारं घ्या. मोठं मशीन काम लवकर उरकून थांबतं, छोटं रात्रंदिवस रडत राहतं.

पण तुमचा खरा घोटाळा बादलीत आहे. बादली भरली की मशीन बंद, आणि ती रिकामी होईपर्यंत आर्द्रता पुन्हा वर. नळी लावा. बहुतेक मशीनना मागे बागेच्या नळीचा पाऊण इंची आटा असतो. आत रबरी वायसर बसवा. आटा तिरका बसला की पाणी नळीऐवजी बादलीतच पडतं. नळीला दर फुटाला पाव इंच उतार द्या, मध्ये कुठेही चढ नको. सम्पच्या खड्ड्यात किंवा फरशीवरच्या जाळीत सोडता येते. वॉशिंग मशीनच्या उभ्या पाइपात सोडायची असेल तर तो उंच असतो, तिथे पाणी वर चढवणारा छोटा कंडेन्सेट पंप लागेल. नळीत शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा कोमट पाणी ओता.

एक्स्टेन्शन कॉर्ड नकोच, थेट भिंतीतल्या प्लगला लावा. चारही बाजूंनी फूटभर मोकळं ठेवा. सेकंडहँड घ्यायचा मोह झाला तर आधी सीपीएससीच्या (अमेरिकेची ग्राहक सुरक्षा संस्था) साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा, आगीच्या धोक्यामुळे २०१३ पासून लाखो मशीन परत मागवलेली आहेत.

पुडी_शाई
तबल्यासाठी: पुडी चामड्याची, ७५ टक्क्यांत ढिली पडून सूर उतरणारच. ४५ ते ५५ मध्ये राहिला तर बरा. हिवाळ्यात हीटिंगने २५ वर गेलं की चामडं ताणून फाटू शकतं, तेव्हा मशीन बंद ठेवा. पोती फरशीवरून उचला, खाली लाकडी पॅलेट आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. पुठ्ठा ओल धरतो आणि बुरशीला तेच हवं असतं; प्लॅस्टिकचे डबे आणा.

ओली_भिंत
मीठाच्या चाचणीत मीटर ७८ निघाला, म्हणजे ३ जास्त. फॉइल तीन भिंतींवर खोलीकडून ओलं, ईशान्य कोपऱ्यात मागून ओलं, शिवाय तिथे पांढरी भुकटी. आणि जुन्या मशीनच्या कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) अर्ध्या भागातच बर्फ धरतो. दुरुस्त होईल का?

पन्हळ
भुकटी म्हणजे काँक्रीटमधले क्षार, पाण्याबरोबर वर आलेले. त्या कोपऱ्याबाहेर जाऊन बघा. छपराच्या पन्हळीचा पाइप पायाशीच पाणी ओतत असेल. त्याला जोड देऊन पाणी किमान ६ फूट लांब न्या आणि घराभोवतीची माती पहिल्या १० फुटांत ६ इंच उतरती करा. भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासायची घाई नको. मागे पाणी राहिलं तर रंगाचे पापुद्रे सुटतात.

पाइंटवाला
पूर्ण कॉइलवर बर्फ असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा खोली ६५ च्या खाली गेलीय. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवायचा असतो. अर्ध्याच कॉइलवर बर्फ म्हणजे बहुधा गॅस कमी, आणि इतक्या छोट्या मशीनमध्ये गॅस भरणं परवडत नाही. सोडून द्या.

नवीन मशीन पहिले दोन आठवडे थांबणार नाही. लाकूड, काँक्रीट, खोकी यांतलं मुरलेलं पाणी निघत असतं. खिडक्या बंद, सेटिंग ५०. ते पाणी प्यायचं नाही. तुळशीलाही नको, तिची पानं तोंडात जातात. मनी प्लांटला खुशाल घाला.