३५२ वी जर्मन डिव्हिजन: ओमाहावर प्रत्यक्षात किती होती?

प्रश्न: ६ जून १९४४ ला अमेरिकन सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरले. त्या दिवसाच्या नकाशांत किनाऱ्यामागे जर्मन ३५२ व्या इन्फंट्री डिव्हिजनचा एकच मोठा चौकोन असतो. डिव्हिजन सुमारे १२ हजारांची. मग मोठा प्रतिहल्ला का झाला नाही? आणि डिसेंबरात आर्डेनमध्ये (बेल्जियम-लक्झेंबर्गचा डोंगराळ, जंगली भाग) लढलेली ३५२ हीच का?

प्रतिसाद १: चौकोन सोडा, बटालियन मोजा (डिव्हिजनमध्ये रेजिमेंट, रेजिमेंटमध्ये बटालियन, बटालियनमध्ये कंपन्या). नोव्हेंबर १९४३ मध्ये सँ-लो परिसरात ही डिव्हिजन उभी राहिली. पूर्व आघाडीवर मोडलेल्या ३२१ व्या डिव्हिजनचे उरलेले लोक, बाकी बरीचशी कोवळी भरती. ९१४, ९१५, ९१६ या तीन ग्रेनेडियर (पायदळ) रेजिमेंट, पण प्रत्येकीत दोनच बटालियन. १९३९ मध्ये तीन असत. ९१४ ही 'वीर' नावाच्या नदीच्या मुखाकडे, ओमाहाच्या पश्चिमेला होती, ९१५ बायो शहराच्या आग्नेयेला ८४ व्या कोअरची (डिव्हिजनच्या वरची तुकडी) राखीव. ओमाहाच्या ठाण्यांत ९१६ चा काही भाग होता आणि ७१६ व्या डिव्हिजनकडून जोडून दिलेल्या ७२६ व्या रेजिमेंटच्या कंपन्याही. म्हणजे सुरुवातीला तिथे डिव्हिजनचा लहानसाच भाग लढला.

प्रतिसाद २: खरा घोळ राखीव दलाचा. वीरच्या मुखाजवळ छत्रीधारी उतरल्याच्या खबरीवरून पहाटे ३ नंतर लेफ्टनंट कर्नल मायर यांचा गट (राखीव ९१५ अधिक डिव्हिजनची फ्युझिलियर, म्हणजे पायदळाची, बटालियन) पश्चिमेला कारांताँ गावाकडे निघाला. वाहने म्हणजे सायकली आणि ताब्यात घेतलेले फ्रेंच ट्रक. ६ च्या सुमारास त्यांना थांबवले. मग एक बटालियन ओमाहामागच्या कोलव्हिल गावाकडे वळली आणि बाकीचा गट पूर्वेला ब्रिटिशांवर, कारण ओमाहाचे सकाळचे अहवाल भलतेच आशादायक होते. दिवसाउजेडी, वरून विमाने, माणसे पायी आणि सायकलवर: गट तुकड्यातुकड्यांनी पोचला. मायर त्याच दिवशी मारले गेले. माझ्या मते दोष धाडसाचा नाही, आदेश आणि वाहने यांचा.

प्रतिसाद ३: आर्डेनची ३५२ वेगळी. डिव्हिजन कमांडर क्राइस २ ऑगस्टला सँ-लोजवळ जखमी झाले, ६ ला वारले. तोवर डिव्हिजन जवळजवळ संपली होती. पुढे सप्टेंबरात ३५२ वी फोक्सग्रेनेडियर (युद्धाच्या अखेरीस उभारलेल्या पायदळाचे नाव) डिव्हिजन उभारली, तिच्यात हवाई दल आणि नौदलातून आलेले बरेच लोक होते. रेजिमेंटचे क्रमांकही तेच, ९१४ ते ९१६, म्हणून क्रमांकावर जाऊ नका, तारीख बघा. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात डिव्हिजनांचे कागद 'आरएच २६' या गटात आहेत. डिव्हिजनचे ऑपरेशन्स अधिकारी त्सीगेलमान यांनी युद्धानंतर अमेरिकन सैन्यासाठी लिहिलेले अहवाल तपशिलाने भरलेले आहेत. पण ते नंतरचे लेखन आहे, तेव्हा त्यातली वेळ डिव्हिजनच्या त्या दिवसाच्या दूरध्वनी-नोंदींशी ताडून घ्या.